शेजारचे पट्टे रिकामे का हवेत

‘अपंगांसाठी राखीव पार्किंगची जागा रिकामीच तर असते, दोन मिनिटं गाडी लावली तर काय बिघडलं?’ हा कुणीतरी विचारलेला प्रश्न वाचून राहवलं नाही. माझी बहीण व्हीलचेअर वापरते. ही राखीव जागा इमारतीच्या दाराजवळ असते हे सगळ्यांना दिसतं, पण तिची खरी गरज रुंदीची आहे. गाडीचं दार सताड उघडायचं, व्हीलचेअर सीटला खेटून तिरकी लावायची, ब्रेक ओढायचे आणि मग हातांच्या जोरावर अंग उचलून सरकायचं. एवढ्यासाठी शेजारी साधारण दीड मीटर मोकळं लागतं. जमिनीवर तिरपे पट्टे आखलेले असतात ते त्यासाठीच. लोकांना ती वाया गेलेली जागा वाटते आणि तिथे दुचाकी घुसवतात.

एकदा आम्ही परत आलो तर पट्ट्यांवर कुणाची तरी स्कूटर. दार जेमतेम वीतभर उघडत होतं. मी होते म्हणून गाडी बाहेर काढून तिला वाटेतच बसवलं, मागून हॉर्न चालूच. ती एकटी असती तर स्कूटरवाला येईपर्यंत तिथेच ताटकळली असती.

आणखी एक. राखीव जागेवर जे चिन्ह असतं, १९६८ साली तयार झालेलं, त्यात व्हीलचेअर आहे, म्हणून पायी उतरणाऱ्या प्रत्येकाला हटकू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार, पँटखालचा कृत्रिम पाय बाहेरून दिसत नाही. आधी गाडीच्या काचेवर या जागेचा परवाना आहे का बघा. नसेल तर मात्र गप्प बसू नका, तिथल्या रखवालदाराला बोलवा.