उतारावर न्यूट्रल
‘घाट उतरताना न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं’ असं कुणीतरी लिहिलंय, ते कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) जमान्यातलं. आताच्या, इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे हिशोब उलटाच!

आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरताना मीही ही हुशारी केली होती. न्यूट्रलला इंजिन गाडी रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. अर्ध्या वाटेत जळका वास, आणि ब्रेक दाबावा तर पेडल नुसतं खाली जातंय. कशीबशी कडेला घेतली, पाऊण तास थांबलो. (मेहुणा चाकांवर पाणी ओतायला निघाला होता, त्याला आवरलं, ब्रेकची तापलेली डिस्क वाकू शकते.) आता ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरतो.