मदत हवी आहे : केळी व्यापाऱ्यांची संघटना कशी नोंदवावी?

राम राम मंडळी. रावेर-सावदा पट्ट्यातले आम्ही तीसेक केळी व्यापारी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दिल्लीपर्यंत आमचं म्हणणं एका सुरात जातच नाही. मागे पाच जणांनी वेगवेगळी निवेदनं दिली. साहेबांनी पाचही कागद टेबलावर शेजारी मांडले अन् विचारलं, "यातलं नेमकं कोणाचं ऐकू?" फार लागलं ते मनाला.

आता संघटना करायचीच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवावी, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून? अपेडाकडे (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) रेल्वे वॅगन, शीतगृहाचे प्रश्न कसे मांडावेत? शेतकऱ्यांनाही सभासद करावं असं मला मनापासून वाटतं. घड त्यांचाच ना. कोणाकडे घटनेचा नमुना असेल तर कृपया पाठवा.