मदत हवी आहे: सीएनसीवर काढलेल्या कॉम्प्रेशन स्प्रिंगचा लोड एकाच लॉटमध्ये कमी-जास्त येतोय

वाळूजचा स्प्रिंगवाला

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं स्प्रिंगचं युनिट आहे. मी, धाकटा भाऊ आणि चार पोरं. वडिलांनी कॅमच्या मशीनवर हा धंदा उभा केला. तिच्यावर नवा जॉब लावायचा म्हणजे कॅम बदला, गिअर बदला, अर्धा दिवस सेटिंगमध्येच जायचा. दिवाळीत कर्ज काढून जुना सीएनसी कॉइलर, म्हणजे वायरीला वेढे घालणारं संगणकी मशीन, घेतला. फीड (वायर पुढं ढकलणं), व्यास, पिच (दोन वेढ्यांतलं अंतर), कटर, सगळ्यांना वेगळी सर्व्हो मोटर. आकडे स्क्रीनवर टाकले की तासाभरात जॉब चालू. वडिलांना वाटलं, आता आपली पोरं सुटली.

जॉब असा: वायर २ मिमी, आयएस ४४५४ भाग १ या भारतीय मानकाची कोल्ड ड्रॉन (थंड ओढलेली पोलादी). बाहेरचा व्यास १८ मिमी. एकूण ८ वेढे, त्यातले ६ काम करणारे, दोन्ही टोकं बंद करून ग्राइंड केलेली. फ्री लेंथ, म्हणजे न दाबता लांबी, ४५ मिमी. ३० मिमीपर्यंत दाबल्यावर लोड १०० न्यूटन, अधिक-उणे ५.

आमच्याकडं ९२ पासून १०६ पर्यंत काहीही यायलंय. तेही एकाच लॉटमध्ये. मशीनवरचा लांबी मोजणारा प्रोब मात्र प्रत्येक स्प्रिंग अधिक-उणे ०.२ मिमीच्या आत दाखवतो, बाहेरची तो स्वतःच वेगळ्या खोक्यात टाकतो. म्हणजे मशीन म्हणतं सगळं बरोबर, आणि लोड टेस्टर म्हणतो नाही. गिऱ्हाइकानं ६००० नगांचा लॉट परत पाठवला. दुसराही परत आला तर काम जाईल.

आतापर्यंत केलेलं: फीड रोलर बदलले, कॉइलिंग पॉइंट नवा टाकला, वायर गाईड साफ केलं. फरक पडला नाही. सर्व्होत दोष असेल का? सर्व्होवाल्याला बोलवायचं तर खर्च मोठा आहे, म्हणून आधी इथं विचारतो.

लातूरचा फिटर

भाऊ, ज्यांचा लोड कमी येतो त्यांच्यासाठी पिच टूलला जरा करेक्शन द्या. लांबी अर्धा-एक मिमी वाढली की लोड वर येईल. आम्ही तसंच करतो.

चिखलठाण्याचे काका

पिचला हात लावू नका. ज्यांचा लोड जास्त येतोय त्या आणखी वर जातील.

तुमचे आकडे मांडून पाहिले. स्प्रिंगची ताठरता वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढते, आणि मधल्या व्यासाच्या तिसऱ्या घाताप्रमाणं आणि कामाच्या वेढ्यांच्या संख्येप्रमाणं घटते. मधला व्यास (बाहेरचा वजा वायरची जाडी) १६ मिमी, जी (पोलाद पिळाला किती विरोध करतं तो आकडा) ८१,५०० धरला तर एका मिलिमीटरला साधारण ६.६ न्यूटन येतात. १५ मिमी दाबल्यावर ९९.५. म्हणजे ड्रॉइंग बरोबर आहे.

आता प्रोबचं बघा. ०.२ मिमी लांबीचा फरक म्हणजे जेमतेम १.३ न्यूटन. तुमचा फरक १४ न्यूटनचा आहे. तेवढा फरक एकट्या लांबीतून यायचा तर लांबी दोन मिलिमीटरच्या वर हलायला पाहिजे, आणि ती प्रोबनं लगेच पकडली असती. प्रोब खोटं बोलत नाही, पण तो स्प्रिंग मशीनवरून पडायच्या आधी मोजतो. पुढं ती ताण काढायला भट्टीत जाते, ग्राइंडिंगला जाते, स्क्रॅगिंगला (मुद्दाम पूर्ण दाबून बसवायला) जाते. तिथलं त्याला काही कळत नाही.

चार गोष्टी सांगा. एक, लोड टेस्टर कधी तपासला? १० किलोचं प्रमाणित वजन ठेवा, ९८.१ न्यूटन दाखवायला पाहिजे. दोन, वायरची बंडलं किती वापरली, आणि प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरनं आडवी-उभी दोन्हीकडून मोजली का? तीन, भट्टीत किती नग एका वेळी घालता, किती वेळ? चार, स्क्रॅगिंग कसं करता?

वाळूजचा स्प्रिंगवाला

काका, आज सगळं बघितलं. १० किलोच्या वजनाला टेस्टर ९८ दाखवतोय, म्हणजे तो ठीक.

बंडलं दोन होती, दोन वेगळ्या व्यापाऱ्यांकडची. पहिलं २.०० भरतं. दुसरं २.०२, कुठं कुठं २.०१. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो परवानगीच्या आत आहे. खरं असेल, पण आम्ही मोजून घेतलंच नव्हतं.

भट्टीचं तापमान २३० अंश, वेळ ३० मिनिटं. लोखंडी बास्केटमध्ये २००० नग एकदम ओततो. स्क्रॅगिंगला प्रत्येक स्प्रिंग तीनदा पूर्ण दाबतो, वेढ्याला वेढा लागेपर्यंत.

चिखलठाण्याचे काका

दुसऱ्या बंडलाचं उत्तर तर इथंच मिळालं. २.०२ चा चौथा घात २.०० च्या चौथ्या घातापेक्षा चार टक्क्यांनी मोठा. तुमचे १०० चे १०४ तिथंच झाले, त्यावर लांबीचा एखादा न्यूटन. वरच्या बाजूला जाणारे नग त्या बंडलाचे असणार. वायर परवानगीच्या आत असली तरी बंडल बदललं की पहिले पाच नग भट्टीसकट पूर्ण तयार करून लोड घ्यायचा आणि मग व्यास जुळवायचा.

खालच्या बाजूला मला भट्टीचा संशय येतो. एका स्प्रिंगचं वजन साधारण १० ग्रॅम, म्हणजे तुमच्या बास्केटमध्ये २० किलो पोलाद एकावर एक रचलेलं. पॅनेलवर २३० दिसतात ते भट्टीतल्या हवेचे. ढिगाच्या पोटात काय असतं? आणि ३० मिनिटं कधीपासून मोजता, दार लावल्यापासून का?

वेढा घालताना वायरमध्ये ताण साचतो. भट्टीत तो सुटला नाही तर ती स्प्रिंग स्क्रॅगिंगमध्ये जास्त बसते, लांबी कमी होते. दुसरं असं, या वायरची स्प्रिंग भट्टीत गेली की व्यास थोडा आवळतो. नीट न तापलेली तेवढी आवळत नाही, म्हणून मऊ राहते. दोन्ही गोष्टी लोड खालीच नेतात. स्टेनलेसला व्यास उलट वाढतो, तो जॉब आला तर हे लक्षात असू द्या.

असं करा. एकाच बंडलातून सलग ३० नग काढा. काढले त्या क्रमानं तारेत ओवा, म्हणजे कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते हरवणार नाही. पहिला, तिसरा, पाचवा असे १५ ढिगाच्या मधोमध, उरलेले बास्केटच्या कडेला. एक सुटा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ढिगाच्या पोटात खोचा. आणि वायरीचा एक पूर्ण वेढा कापून फरशीवर टाका. सपाट बसला तर ठीक. टोक वर उचललं तर वायरीचं वळणच वाकडं आहे.

वाळूजचा स्प्रिंगवाला

आज सुट्टी होती, मी आणि भाऊ दोघंच होतो, दिवसभर हेच केलं.

वायरीचा वेढा फरशीवर ठेवला, दोन्ही बंडलांचा. पहिल्याचा फरशीला चिकटून बसला. दुसऱ्याचं टोक बोटभर वर. बघून पोटात गोळा आला, कारण ते बंडल अजून अर्धं शिल्लक आहे.

मग ३० नगांची माळ, पहिल्या बंडलातली. कडेचे १५: लोड ९९ ते १०२. पोटातले १५: ९२ ते ९५. लांबीही मोजली. कडेचे ४५ च्या आसपास, पोटातले ४४.१ ते ४४.५. मशीनवरून तर ते एकाआड एक पडले होते! म्हणजे मशीनचा काही संबंध नाही.

थर्मोकपलचं सांगतो. दार लावून ३० मिनिटं झाली तेव्हा पॅनेलवर २३०, आणि पोटात १६०. पोटात २२० व्हायला पाऊण तासाच्या वर गेला. आम्ही इतके दिवस अर्ध्या तासात बास्केट बाहेर काढायचो. भावानं आकडा वाचला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मी महिनाभर सर्व्होच्या मागं होतो.

आता प्रश्न परत आलेल्या ६००० नगांचा. कमी लांबीच्या स्प्रिंगा जरा ओढून ४५ ला आणता येतील का?

चिखलठाण्याचे काका

ओढू नका. ओढलेली स्प्रिंग पुन्हा दाबली की परत आखूड होते, आणि ती गिऱ्हाइकाकडं वापरात असताना होईल. सगळे ६००० टेस्टरवर घ्या, एकेक. ९५ च्या खालचे आणि १०५ च्या वरचे भंगारात.

लोड मर्यादेत आलेल्यांतही अर्धवट तापलेल्या असू शकतात, त्या वापरात ढिल्या पडतील. त्यातल्या २० घ्या, पुन्हा भट्टीतून आणि स्क्रॅगिंगमधून काढा, लोड मोजा. टिकला तरच बाकीच्यांना तसं करा. आणि गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याला आधी कळवा, त्याच्या लेखी होकाराशिवाय एक नगही पाठवू नका. सापडलेलं कारण त्यांना आकड्यांसकट दाखवा.

लातूरचा फिटर

काका, माझाही पिचचा सल्ला चुकीचा होता. आमच्या बास्केटच्या पोटात काय तापमान असतं ते आम्हीही कधी बघितलं नाही. उद्याच बघतो. वाळूजवाले भाऊ, त्या स्प्रिंगांना झिंक प्लेटिंग आहे का? असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० च्या वर भाजायचं विसरू नका. हायड्रोजन आत राहिला तर स्प्रिंग न सांगता तुटते. आमचा एक लॉट तसा गेला होता.

वाळूजचा स्प्रिंगवाला

प्लेटिंग नाही दादा, नुसतं तेल. पण लिहून ठेवलं.

चार दिवसांनी लिहितोय. वाकड्या वळणाचं बंडल व्यापाऱ्यानं परत घेतलं, थोडी भांडाभांडी झाली. बास्केट बंद केली. जाळीच्या पसरट ट्रे बनवून घेतल्या, एका ट्रेवर स्प्रिंगांचा एकच थर. वेळ आता मधल्या ट्रेतला थर्मोकपल २२० दाखवला की सुरू. एका खेपेला नग निम्मे जातात, म्हणून भाऊ रात्रीची खेप लावतो.

क्वालिटीवाल्या सरांना माळेतले ३० नग आणि आकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी कडेची एक आणि पोटातली एक स्वतः टेस्टरवर दाबून बघितली, आणि आठ दिवसांची मुदत दिली.

आज पहिल्या ट्रेमधले ५० मोजले. ९८ ते १०२. बाकीच्या ट्रे अजून भट्टीत आहेत.