पिकअपच्या क्राऊनचं ऑईल घरीच बदलायचंय, ९० घालू की १४०?

गेवराईकर
दीड टनी पिकअप, सेकंडहँड, मीटरवर १,१२,००० किमी. कांदा, सरकी, खताच्या गोण्या, मोंढ्याच्या फेऱ्या. मागच्या डिफ्रेन्शियलचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या क्राऊनच्या (मोठ्या दातेरी चक्राच्या) डब्याचं ऑईल आधीच्या मालकानं कधी बदललं, नोंद नाही. गाडीचं पुस्तक ८०डब्ल्यू-९० सांगतंय, दुकानदार म्हणतोय आपल्याकडच्या उन्हाळ्यात १४०च घाला. नेमकं कुठलं? पिनियनच्या (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या चक्राच्या) तोंडाशी ओल दिसायलीय, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय. ५०-६० ला अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून 'घूं' आवाज यायलाय, पाय काढला की बंद. ऑईल बदलून जाईल का? आणि भरायचं भोक हाऊसिंगच्या (क्राऊनच्या लोखंडी डब्याच्या) बाजूला, तिथं बाटली तिरपी करायलाही जागा नाही. कसं भरता?

पाना_बावीस
पुस्तकात ८०डब्ल्यू-९० असेल तर तेच घाला. ९० हा आकडा ऑईल १०० अंशांवर किती दाट राहतं त्याचा असतो, त्यामुळे बाहेरच्या ४२-४३ अंशांनी बिचकायचं कारण नाही. १४० घातलं तर पहाटेच्या गारव्यात पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि डिझेल थोडं जास्त जातं. पुस्तकानंच जड लोडसाठी १४० ची मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. ग्रेडपेक्षा डब्यावर 'जीएल-५' आहे का ते बघा. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात; त्या दाबात टिकणारा मसाला जीएल-५ मध्येच पुरेसा असतो. कुजक्या गंधकासारखा वास त्याचाच, ऑईल खराब असल्याचा नव्हे.

माप पुस्तकात बघा. या आकाराच्या हाऊसिंगला बहुधा दीड ते अडीच लिटर लागतं, तीन आणून ठेवा. पण खरं माप म्हणजे भोकाची खालची कड.

गाडी १०-१५ किमी फिरवून आणा, गरम ऑईलबरोबर तळाचा गाळही निघतो. सपाट फरशीवर उभी करा. पिकअपखाली सरकायला जागा असते, जॅक लावूच नका. एक बाजू उचलली की लेव्हल चुकते, आणि हँडब्रेक मागच्या चाकांनाच असल्यामुळे मागचा भाग उचलला की त्याचा काही उपयोग राहत नाही. गिअर टाका, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

आता महत्त्वाचं: आधी वरचा, भरायचा प्लग खोला. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालचा काढून ऑईल सांडून बसलात, तर कोरड्या क्राऊनची गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यावी लागते. प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशनं काढा. चौकोनी खाच असेल तर स्क्रूड्रायव्हरनं आतला गाळ उकरून घ्या, नाहीतर पाना पूर्ण बसत नाही आणि कोपरे गोल होतात. षटकोनी डोकं असेल तर सहा कोनी गोटी लावा, बारा कोनी नको. हलत नसेल तर गंज सोडवायचं ऑईल मारून तासभर थांबा.

मग खालचा खोला, खाली तसराळं. धार थांबली तरी २० मिनिटं निथळू द्या. वॉशर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर नवा घाला. काही प्लग निमुळत्या आट्यांचे असतात, त्यांना वॉशरच नसतो. ते पाइप लावून आवळले तर आटे जातात, कधी हाऊसिंगला तडा जातो.

भरण्यासाठी ठिबकची १२ मिमीची कोरी नळी घ्या. वापरलेली नको, आत क्षार असतात. डब्याच्या झाकणाला भोक पाडून नळी घट्ट बसवा, डबा हौद्याच्या फाळक्याला उलटा टांगा आणि हवा जायला बुडाला बारीक भोक. डबा आधी दोन तास उन्हात ठेवला की ऑईल मधासारखं सुटतं. भोकातून पातळ धार परत यायला लागली की थांबा, निथळली की प्लग लावा. जास्त दाबून भरलं तर फेस होतो आणि ऑईल एक्सलच्या सीलमधून मागच्या ब्रेकच्या लायनरवर उतरतं.

काळी_माती
वरचं सगळं बरोबर, पण ओल कशामुळं ते अजून कुणी बोललं नाही. सीलच्या आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडायची वाट) बघा. हाऊसिंगच्या वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा वर गेलेली रबरी नळी असते. आपल्या रेगडीचा चिखल त्यावर वाळला की दगड होतो. मग आतली गरम हवा निघायला वाट शोधते आणि पिनियनच्या सीलमधून ऑईल ढकलते. टोपी बोटानं फिरते का, वर-खाली होते का बघा. नसेल तर काढून डिझेलमध्ये धुवा. टायर इन्फ्लेटरच्या हवेनं साफ करायची तर काढूनच, जागेवर फुंकली तर घाण आत जाते.

पावसाळ्यात उलटं होतं. तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. निघालेलं ऑईल दुधाळ, चहासारखं असेल तर तेच. मग एकदा भरून भागत नाही. नवं भरा, ५०-६० किमी चालवा, परत काढा. बेअरिंगच्या रोलरांवर गंज धरला की नंतर कितीही चांगलं ऑईल घाला.

गेवराईकर
ब्रीदर खरंच बुजलेला होता, टोपी हलतच नव्हती. ऑईल काळं निघालं, दुधाळ नाही. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन धारदार तुकडे. भरायच्या आधी विचारतोय.

पाना_बावीस
पातळ राखाडी लेप इतक्या किलोमीटरला चालतो. धारदार कणी चालत नाही. ती दाताच्या टोकाची किंवा बेअरिंगची असते.

गिअरमास्तर
कणी आणि आवाज एकत्र वाचा. अ‍ॅक्सिलरेटरवर येतो, पाय काढला की जातो, म्हणजे दातांची ओढणारी बाजू किंवा पिनियनचं बेअरिंग. चाकाचं बेअरिंग असतं तर अ‍ॅक्सिलरेटरशी फारसा संबंध नसता, स्पीडबरोबर घरघर वाढली असती. नव्या ऑईलनं हा आवाज जात नाही, थोडा दबला तरी परत येतो.

एक तपासणी घरी होते. न्यूट्रल करा, चाकांचे दगड तसेच ठेवा. पिनियनचा फ्लँज (लांब शाफ्ट जिथं जोडलेला असतो ती चकती) दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडी ढिलाई असणारच, ती दातांमधली जागा. पण वर-खाली किंवा आत-बाहेर टकटक जाणवली तर बेअरिंग गेलंय, नुसतं सील बदलून ओल थांबणार नाही. आणि सील बदलायला पिनियनचा नट स्वतः खोलू नका. पुष्कळ हाऊसिंगांत त्याच्या मागे चेपला जाणारा स्पेसर असतो. नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला की बेअरिंग जाम होऊन तापतं, आणि एकदा चेपलेला स्पेसर परत सरळ होत नाही. टकटक नसेल तर आता ऑईल भरा, भरलेल्या गाडीनं घाट टाळा, ५०० किमीनं चुंबक परत बघा.

ऑईल काढताना त्यात लाकडाचा भुसा नव्हता ना? गाडी विकायच्या आधी आवाज दाबायचा हा जुना धंदा आहे. असेल तर डिझेल ओतून धुवून भागत नाही, हाऊसिंग खोलावं लागतं.

काळी_माती
दोन गोष्टी राहिल्या. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ढकलू नका. तिथं पुस्तकात जीएल-४ असेल तर पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते बाधू शकतं. आणि काढलेलं काळं ऑईल बांधावर किंवा विहिरीच्या कडेला नको, डब्यात भरून जळकं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

गेवराईकर
भुसा नाही. फ्लँज वर-खाली अजिबात हलत नाही, गोल थोडा फिरतो. सव्वादोन लिटरला धार परत आली.

पाना_बावीस
आता पाच किमी फिरवून या, दहा मिनिटं थांबा आणि वरचा प्लग परत खोला. ऑईल दोन्हीकडच्या एक्सलच्या नळ्यांत शिरलं की लेव्हल खाली जाते, पाव लिटरच्या आसपास अजून लागेल.