सोसायटी ग्रुप, रत्नागिरी: नगरपरिषद निवडणुकीच्या यादीत आपली नावं कुठे आहेत?

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

बी-२०३ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, काल दुपारी अडीचला परत बेल. पंधरा-वीस माणसं जिन्यात, घोषणा देत. गेटवर कुणी विचारतं की नाही? की सगळं आम्हीच सोसायचं?

सेक्रेटरी: वहिनी, दिलगीर आहे. प्रचाराला आलेल्यांना अडवता येत नाही, असं वॉचमनला कुणीतरी सांगून ठेवलंय.

तात्या (ए-३०२): चुकीचं सांगितलंय. आवार खासगी आहे. गेटवर पाटी लावा: सकाळी १० ते १२, संध्याकाळी ५ ते ७, एका वेळी पाच जण. सगळ्या पक्षांना एकच नियम. एकाला सोडलं आणि दुसऱ्याला अडवलं की भांडण आपल्या दारात. कंपाऊंडच्या भिंतीवरही लेखी परवानगीशिवाय बॅनर नको. मागच्या भिंतीवर डिंकाने चिकटवलेत ते आज फोटो काढून ठेवा आणि मगच काढा.

बी-१०१ भाऊ: 🙏 फॉरवर्ड 🙏 यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार दाखवा, कलम ४९ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमचं मत कुणी टाकून गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान! सर्वांना पाठवा.

तात्या: भाऊ, हा मेसेज दर निवडणुकीला फिरतो. यातलं अर्धं साफ खोटं आहे. यादीत नाव नाही तर मत नाही, मग आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. चॅलेंज मतदार करत नाही. बूथवरचा उमेदवाराचा प्रतिनिधी समोरच्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो, त्याला चॅलेंज म्हणतात. टेंडर म्हणजे प्रदत्त मत हे खरं आहे, पण नाव यादीत असेल आणि आधीच कुणी तुमच्या नावाने टाकून गेलं असेल तरच. तेव्हा केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. १४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही.

ए-२०४: पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीवर परत नारळाची झावळ पडली आहे. माडवाल्याला कोण बोलावणार?

बी-२०३ वहिनी: विषय चालू आहे तो चालू द्या.

ए-२०४: काच फुटली तर तोच विषय होईल.

बी-३०१: तात्या, आम्ही ऑगस्टमध्ये नाचण्याहून इथे आलो. आता पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरला तर २ डिसेंबरला इथे मत देता येईल का?

तात्या: नाही. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेतली आणि तीच प्रभागांत तोडली. राज्य निवडणूक आयोग स्वतः नाव घालतही नाही, वगळतही नाही. प्रारूप यादीवर हरकती घेतल्या त्या एवढ्याचसाठी: नाव चुकीच्या प्रभागात गेलंय का, लेखनिकाची चूक आहे का, विधानसभेच्या यादीतलं नाव इथे गळलंय का. ती मुदतही गेली. तुमचा जुना पत्ता नाचणे ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर तुम्ही जिल्हा परिषदेचे मतदार, नगरपरिषदेचे नाही. फॉर्म ८ मात्र आजच भरा, पुढच्या वेळेसाठी.

बी-३०१: म्हणजे घरपट्टी इथे भरायची आणि मत नाही.

तात्या: यावेळी तसंच आहे. वाईट वाटण्यासारखंच आहे. घर बदललं की विजेच्या मीटरचं नाव आपण महिन्यात बदलतो, मतदार यादीचं कुणी बघत नाही.

बी-१०१ भाऊ: 🙏 फॉरवर्ड 🙏 यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार दाखवा…

सेक्रेटरी: भाऊ, कृपया. वर उत्तर दिलंय.

बी-१०१ भाऊ: साहेब, मला एका अधिकाऱ्याने पाठवलंय. तात्या काय आयोगाचे अध्यक्ष आहेत का?

तात्या: नाही. पण बूथवर वाद घालून परत यायची वेळ तुमच्यावर येऊ नये एवढीच इच्छा आहे.

ए-१०४ दादा (मुंबई): माझ्या नावापुढे दोन तारे आहेत असं कुणीतरी कळवलं. काय भानगड? मी सोमवारी रात्री कोकणकन्येने निघतोय.

तात्या: संभाव्य दुबार मतदार अशी ती खूण आहे. नाव सारखं असलेला दुसरा कुणी असेल तर घाबरायचं कारण नाही. केंद्रावर ओळख नीट तपासतील आणि ‘दुसऱ्या केंद्रावर मत दिलेलं नाही, देणार नाही’ असं घोषणापत्र लिहून घेतील. मूळ ओळखपत्र आणा. पण दादा, सरळ विचारतो, तुमचं नाव भांडुपच्या यादीतही आहे ना?

ए-१०४ दादा: आहे. तिथे राहतो, इथे घर आहे. दोन्हीकडचे कर भरतो. तिकडे महापालिका, इकडे नगरपरिषद. दोन वेगळ्या निवडणुका. चूक काय?

तात्या: कर दहा ठिकाणी भरा, मतदार एकाच ठिकाणचे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ आणि १८ वाचा: दोन मतदारसंघांत नाव नको, एकाच मतदारसंघात दोनदाही नको. नवीन नावाच्या फॉर्म ६ वर आपण सही करतो की दुसरीकडे नाव नाही. ते खोटं निघालं तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा. राहण्याची जागा बदलली की फॉर्म ८. तो भरला की जुन्या ठिकाणचं नाव निघतं.

ए-१०४ दादा: मग आम्ही चाकरमान्यांनी गावाचं काही बघूच नये? गणपतीला आम्ही, वर्गणीला आम्ही, मतदानाला तेवढे परके.

बी-२०३ वहिनी: दादा, परके कुणी म्हटलं? पण पाणी आठवड्यातून किती दिवस येतं ते इथे राहणाऱ्यालाच कळतं.

ए-१०४ दादा: वहिनी, मेंटेनन्स मी कधी थकवला नाही. ज्यांनी थकवलाय ते गप्प आहेत.

बी-१०२: हे कुणाला उद्देशून?

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, थकबाकी या ग्रुपवर नको. दुसरं, एका उमेदवाराकडून निरोप आला आहे. पार्किंगला पेव्हर ब्लॉक करून देतो म्हणाले. कमिटीचं मत अनुकूल आहे. बेचाळीस मतं आहेत आपली.

तात्या: माझा स्पष्ट विरोध लिहून घ्या. ४ नोव्हेंबरपासून आचारसंहिता आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये मतासाठी लाच देणाराही दोषी आणि घेणाराही. उद्या तक्रार झाली तर सही तुमची असेल. आणि बेचाळीस मतं ‘आपली’ नाहीत, बेचाळीस माणसांची आहेत.

ए-२०१ (सिव्हिल): फुकटचे ब्लॉक टिकणारही नाहीत. आत्ताचे का खचले? खाली नुसता जांभ्याचा चुरा, तो पावसाबरोबर वाहून गेला. गाड्यांसाठी ८० मिलिमीटरचे ब्लॉक घेतलेले बरे, आपले ६० चे आहेत. आधी पाण्याला उतार द्या, खडीचा थर नीट दाबून घ्या, त्यावर वाळू, कडेला काँक्रीटची पट्टी. प्रचाराच्या घाईत हे कोण करणार?

बी-१०२: काय ता एकदा ठरवा. दरवर्षी चिखल आमच्याच दारात.

सेक्रेटरी: ठीक आहे. उमेदवाराला ‘नको’ कळवतो. ब्लॉकचा विषय जानेवारीच्या सभेत, सोसायटीच्या पैशातून.

बी-२०२ काकी: मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी मशीनवर दिसेल ना? मागच्या वेळी दिसली होती.

तात्या: काकी, ती विधानसभेला. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही, चिठ्ठी दिसणार नाही. आणि मतं तीन द्यायची आहेत: प्रभागातल्या अ जागेला एक, ब जागेला एक, नगराध्यक्षाला एक. प्रत्येक बटणानंतर दिवा बघा. एक बटण दाबून बाहेर यायचं नाही, तिन्ही झाल्यावर लांब बीप येते. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथे ‘नोटा’, पण बटण दाबायचंच.

बी-२०२ काकी: केंद्र नेहमीचंच ना?

तात्या: धरून चालू नका. १९५० या हेल्पलाइनवर किंवा भारत निवडणूक आयोगाच्या साइटवर दिसतो तो भाग क्रमांक विधानसभेचा. नगरपरिषदेचं केंद्र राज्य निवडणूक आयोगाच्या साइटवर बघा, नावाने किंवा ओळखपत्राच्या क्रमांकाने. एकाच घरातली नावंही दोन केंद्रांवर जाऊ शकतात, म्हणून प्रत्येकाचं वेगळं बघा. वेळ सकाळी ७:३० ते संध्याकाळी ५:३०. साडेपाचला रांगेत असलेल्याला मत देता येतं. आधार, पॅन, लायसन्स, फोटोचं बँक पासबुक, काहीही चालेल, पण मूळ. झेरॉक्स नको, मोबाइलवरचा फोटो नको.

बी-१०१ भाऊ: तात्या, माझं आणि हिचं नाव सापडत नाहीये.

तात्या: आडनाव आधी टाकून बघा, मग इंग्रजीत, मग ओळखपत्राचा क्रमांक. तरी नाही तर पाच वाजता ओळखपत्रं घेऊन वर या, छापील यादीत दोघं मिळून शोधू.

बी-१०१ भाऊ: बरं. येतो.

ए-१०४ दादा: भांडुपचं नाव काढायचा फॉर्म कोणता?

तात्या: आधी ठरवा कुठे राहता. कायदा ‘सामान्यतः रहिवासी’ बघतो, घराचा सातबारा नाही. राहता तिकडे, म्हणून खरं तर इथलं नाव काढायला हवं. त्यासाठी फॉर्म ७.

ए-१०४ दादा: बघतो. तिकीट मात्र रद्द करावं लागणार.

सेक्रेटरी: २ तारखेला ज्येष्ठांसाठी ए-२०१ आणि बी-३०१ यांच्या गाड्या. पक्षाच्या रिक्षा गेटच्या आत घेणार नाही. सकाळी ८ ची पहिली फेरी: बी-२०२ काकी, ए-१०३ आजोबा. आणखी कुणी असेल तर आज रात्रीपर्यंत इथेच लिहा.

ए-२०४: आणि माडवाला?

सेक्रेटरी: गुरुवारी येतोय. सगळ्यांनी त्या दिवशी गाड्या बाहेर लावा.