नवी कार्ट्रिज लावल्यापासून 'स' टोचतोय

प्रश्न (राजारामपुरी): रेकॉर्ड प्लेयरला ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज (काटा बसवलेला, खाचेतून आवाज उचलणारा भाग) लावलीय. नाट्यगीतांच्या एलपीत 'स', 'श' कानाला टोचतात. प्रीअॅम्प (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) ४७ किलोओम लोडचा, मागचा कपॅसिटन्सचा स्विच २२० पिकोफॅरडवर. काट्याचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅम.

उत्तर (मंगळवार पेठ): वजन बरोबर आहे भावा, कपॅसिटन्स (वायर नि स्विचची वीज साठवून धरायची क्षमता) नडतोय. हिला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड पुरे. तुमच्या स्विचचेच २२०, वर टोनआर्मची वायर नि मीटरभर केबल यांचे साधारण २००, म्हणजे एकूण ४२०. कार्ट्रिजची कॉइल ५५० मिलिहेन्रीची, म्हणजे दोन्ही मिळून होणारा रेझोनन्स (अनुनाद) साडेदहा किलोहर्ट्झच्या आसपास, आवाज तिथंच फुगतो. एकूण २०० वर आणलं की तो पंधराला सरकतो. स्विच ५० वर टाका, केबल अर्ध्या मीटरची घ्या.

उत्तर (शाहूपुरी): फक्त शेवटच्या गाण्यालाच टोचत असेल तर स्विचला हात लावू नका. आधी प्रोट्रॅक्टर (कोन मापायची पट्टी) ठेवून कार्ट्रिजची अलाइनमेंट, म्हणजे ती खाचेला सरळ बसलीय का, बघा.

प्रश्न: पहिल्या गाण्यापासूनच होतं. ५० वर बराच फरक पडला, केबल बघतो. पुढं याच प्रीअॅम्पवर डेनॉन डीएल-१०३ ही एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज चालेल?

उत्तर (मंगळवार पेठ): एमएमच्या (मूव्हिंग मॅग्नेट, तुमच्या व्हीएम९५ईसारख्या कार्ट्रिजच्या) इनपुटच्या ४० डेसिबल वाढीवर नाही. तिचा आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, शंभरपट करून ३० होणार. तिथंच व्हीएम९५ई ४०० देते. व्हॉल्यूम चढवला की नुसती खरखर. एमसी इनपुट, ६० डेसिबल, १०० ओम लोड असेल तरच घ्या.