प्लेन वीव्ह (एक वर, एक खाली अशा साध्या विणीचं) कार्बन कापड: मॉडेलमधला मोड्युलस (कडकपणाचं माप) चाचणीपेक्षा १५ गिगापास्कलने कमी

ताणाबाणा:
टेक्सजेनमध्ये (कापडाची भूमिती बनवणारं सॉफ्टवेअर) युनिट सेल (विणीचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) ४ × ४ × ०.२२ मिमी. ३के टो (तीन हजार तंतूंचा जुडगा), कापड २०० ग्रॅम प्रति चौ.मी., दोन टोंमध्ये २ मिमी, छेद लंबवर्तुळाकार १.८ × ०.११ मिमी. तंतूचा मोड्युलस २३०, इपॉक्सीचा ३.२ गिगापास्कल. लॅमिनेटमध्ये (कापड आणि इपॉक्सी रेझिन मिळून) तंतू आकारमानाने ५२ टक्के, टोचे गुणधर्म त्यावरूनच काढले. अबॅकसमध्ये (ताण-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) वॉर्पच्या (उभ्या टोंच्या) दिशेने मोड्युलस ४२ येतो, चाचणीत ५७. मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करूनही फरक पडत नाही.

मेशवाला:
५२ टक्के टोला लावलेत, घोळ तिथेच आहे. तो आकडा टोमधलं आणि टोंच्या फटींतलं रेझिन धरून असतो. फटी मॉडेलमध्ये आधीच आहेत, म्हणजे तुम्ही रेझिन दोनदा मोजलंत.

३के टो साधारण १९८ टेक्स (ग्रॅम प्रति किमी), तंतूची घनता १.७६ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणून नुसत्या तंतूंचं क्षेत्रफळ ०.११२५ चौ.मिमी. तुमच्या लंबवर्तुळाचं ०.१५५५. टोच्या आत तंतू ७२ टक्के. टोंनी सेलचा ७१ टक्के भाग व्यापलाय; ०.७१ × ०.७२ = ०.५१, जुळलं. तुमच्या मॉडेलमध्ये मात्र ०.७१ × ०.५२, म्हणजे ३७ टक्केच तंतू आहेत.

टोचा मोड्युलस १२१ वरून १६७ होईल. वॉर्पचा वाटा ३५ टक्के, म्हणजे ५९. क्रिंपचे (टोच्या वरखाली वळणांचे, कमाल कोन ५ अंश) दहाएक टक्के वजा, वेफ्ट (आडवे टो) आणि रेझिनचे चारेक गिगापास्कल अधिक. आलात ५७ वर. तंतूच्या आडव्या दिशेला २३० धरला नाहीत ना? तिथे कार्बन तंतू १५ च्या आसपासच असतो.

पॉइसाँ:
हिशेब बरोबर, पण ०.११ + ०.११ = ०.२२ असं काठोकाठ ठेवलं की टो एकमेकांत घुसतात. व्हॉक्सेल मेश (सगळा सेल छोट्या घनांत कापणारी) कुरकुर करत नाही, एका टोचे घन गुपचूप दुसऱ्याला देऊन टाकते. म्हणून टोचं आकारमान भूमितीवरून नको, मेशमधले घन मोजून घ्या. सेलची जाडी ०.२२४ करा. उंचीच कमी केलीत, तर ७२ चा आकडाही नव्याने काढावा लागेल.

टेक्सजेनमधून अबॅकसच्या इनपुट फाइलबरोबर टोच्या दिशांची वेगळी फाइल निघते, ती त्याच फोल्डरमध्ये हवी.

पिरिऑडिक अटी (सेलच्या समोरासमोरच्या बाजू जुळवून ठेवणारी समीकरणं) तपासायच्या तर टो आणि रेझिन दोन्हींना इपॉक्सीचेच गुणधर्म देऊन चालवा. सगळीकडे समान ताण आणि बरोबर ३.२ यायला हवा. नाही आला, तर कडा-कोपऱ्यांच्या नोडवर (मेशच्या बिंदूंवर) तीच समीकरणं दोनदा लागलीत.

ताणाबाणा:
७२ टक्क्यांनी ५६ आला. याच मेशवर पहिली भेग कुठे पडेल ते काढता येईल?

मेशवाला:
नको. घनांच्या पायऱ्यांवर खोटे ताण उठतात आणि मेश बारीक केली की ते आणखी वाढतात. कडकपणाला चालतं कारण तिथे सरासरी निघते. भेगेसाठी टोच्या पृष्ठभागाला धरून जाणारी टेट्रा (चतुष्फलक तुकड्यांची) मेश घ्या; १.८ मिमी रुंद टोची धार फार पातळ होते, ती थोडी बोथट करा, नाहीतर मेश तिथेच अडेल.